महापिंगल राजाचा द्वारपाल आणि आपण

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात राजूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'नेतृत्व' या विषयावर दोन शब्द बोला, असे संस्थेच्या कार्यकर्त्यांनी सांगितले तेव्हा आम्ही थोडे बिचकलोच. आम्ही बँकेत कारकून. काउंटरच्या आत बसून लोकांची पासबुके भरून देणे, स्लिपा तपासणे, सही जुळते का पाहणे, हे आमचे काम. कला शाखेची पदवी घेतली, त्या निमित्ताने चार पुस्तके वाचली, दोन नाटके पाहिली, एवढीच आमची पुंजी. पुढारीपण आम्ही कधी केले नाही. परंतु पुढाऱ्याच्या, साहेबाच्या, अध्यक्षाच्या हाताखाली राहण्याचा अनुभव मात्र आमच्याजवळ भरपूर आहे, आणि समोर बसलेल्या बहुतेकांजवळही तोच असणार. म्हणून आम्ही विषयाची बाजू बदलून घेतली. चांगला नेता कसा असावा यावर जयंतीपासून पुण्यतिथीपर्यंत व्याख्याने होतच असतात. आज आपण वाईट राजांविषयी बोलू, आणि तेही गोष्टीतल्या, नाटक-सिनेमातल्या. गोष्टीतला राजा निवडण्यात एक सोय आहे. त्याचे नाव घेतले म्हणून कोणी सभा सोडून उठत नाही, आणि वक्त्याला बोलताना शेजारच्या खुर्चीकडे चोरून पाहावे लागत नाही.

पाली जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत. दुर्गा भागवत यांनी 'सिद्धार्थ जातक' या नावाने त्या मराठीत आणल्या. त्यांत महापिंगल राजाची एक अगदी छोटी कथा आहे. वाराणसीचा हा राजा कर बसवी, दंड करी, हातपाय तोडण्याच्या शिक्षा देई. उसाला चरकात घालावे तसे त्याने प्रजेला पिळले. ही उपमा मूळ कथेतलीच आहे, आमची नाही, हे मुद्दाम सांगतो. कारण आपला जिल्हा उसाचा, आणि उगाच कोणाला वाटायचे की बँकेतला कारकून टोमणा मारतो आहे. घरातही तो तसाच होता. बायकामुलांवरही त्याने कधी दया केली नाही.

असा हा राजा मेला. लोकांनी हजार गाड्या लाकडे रचून त्याला जाळले आणि चितेवर हजारो घागरी पाणी ओतले. नगरात गुढ्या-पताका लागल्या, नगारे वाजू लागले. त्याचा मुलगा गादीवर बसला. तो चांगला होता. सगळे नगर हसत असताना राजवाड्याच्या पायरीशी द्वारपाल मात्र हुंदके देऊन रडत होता. नव्या राजाने विचारले, "का रे बाबा, माझ्या वडिलांचा तुझ्यावर फार लोभ होता का?" द्वारपालाने खरे कारण सांगितले. जुना राजा वाड्यातून खाली उतरताना त्याच्या डोक्यात मुठीचे आठ टोले हाणी, आणि वर चढताना पुन्हा आठ. आता तो परलोकी गेला. तिथेही तो यमाच्या दारवानांना आणि खुद्द यमाला तसेच टोले देणार. ते कंटाळून त्याला परत पाठवतील. मग पुन्हा माझ्या डोक्याची पाळी!

मित्रांनो, आपण यम मानत नाही, परलोकही मानत नाही. जातकांमधला पूर्वजन्माचा भाग आम्ही बाजूला ठेवून वाचतो. बाबासाहेबांनी आपल्याला चिकित्सा करून वाचायला शिकवले आहे. पण त्या द्वारपालाची भीती मात्र आम्ही शंभर टक्के मानतो, कारण ती आम्ही भोगली आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत आम्ही एका शाखेत होतो. गाव व शाखा सांगत नाही. तेथील साहेबांनी कधी कोणाला हात लावला नाही. पण चूक सापडली की व्हाउचर ग्राहकांसमोर भिरकावून देत आणि ते आम्हाला वाकून उचलावे लागे. त्यांच्या केबिनच्या दाराची स्प्रिंग करकरत असे. ती करकरली की आठही माणसे माना खाली घालत. पुढे त्यांची बदली झाली. नवे साहेब अतिशय सज्जन आले. तरीही जवळजवळ वर्षभर ती स्प्रिंग करकरली की आम्ही खुर्चीतून अर्धवट उठत असू. शेवटी शिपायाने स्प्रिंगमध्ये तेल घातले, तेव्हा कुठे तो प्रकार थांबला.

इथपर्यंत ही हसण्याची गोष्ट आहे. पुढची नाही. त्याच काळात एक म्हातारी निराधार योजनेचे पैसे काढायला येत असे. डोंगरापलीकडच्या पाड्यावरून चालत येई. एके दिवशी तिचा अंगठा स्लिपेवर पुसट उठला. आम्ही ती स्लिप काउंटरवरून खाली टाकून दिली आणि खेकसलो. तिने वाकून ती उचलली, पदराने पुसली आणि काही न बोलता पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. त्या क्षणी आम्हाला काही वाटले नाही, हे प्रांजळपणे सांगतो. घरी आल्यावर जेवताना लक्षात आले की, हे तर साहेबांचेच हात! साहेब बदलून गेले, पण त्यांचे आठ टोले आमच्या मुठीत शिल्लक राहिले होते. महापिंगलाची कथा लिहिणाऱ्याने द्वारपाल पुढे दारात येणाऱ्या-जाणाऱ्यांशी कसा वागत असे ते लिहिलेले नाही. आम्हाला त्याची कल्पना करता येते.

आता दुसरा राजा घेऊ. हा मुळीच क्रूर नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या घरांतून व्रतवैकल्यांच्या कहाण्या गेल्या, आणि ते योग्यच झाले. तरीपण श्रावणात शेजारच्या ओसरीवरून 'आटपाट नगर होतं' हे शब्द कानावर पडलेले नाहीत असा आपल्यात कोणी नसेल. त्यांतली खुलभर दुधाची कहाणी आठवा. राजाच्या मनात आले की महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. हुकूम सुटला, गावातले सगळे दूध देवळात आणा. लोकांनी धाकाने आणले. घरी मुलाबाळांना ठेवले नाही, वासरांना पाजले नाही, होते नव्हते तेवढे दूध ओतले. गाभारा भरला नाही. मग एका म्हातारीने आधी घरातल्यांना खाऊ घातले, वासरांना पाजले, गाईगुरांना चारा घातला आणि उरलेले खुलभर, म्हणजे चिमूटभर भांडेभर दूध देवळात नेऊन ओतले. तेवढ्याने गाभारा भरला.

ही कहाणी सांगणारे तिच्यातून भक्तीचे महत्त्व सांगतात. आम्हाला तिच्यात कारभाराची गोष्ट दिसते. आपल्या अकोले तालुक्यात आज सकाळ-संध्याकाळ दुधाच्या किटल्या हलतात. वासराला किती सोडायचे आणि डेअरीला किती घालायचे, हा हिशोब इथल्या प्रत्येक बाईला कळतो. त्या नगरातल्या प्रत्येक बाईलाही कळत असणार. सगळ्या घरांत पोरे रडत होती, सगळ्या गोठ्यांत वासरे हंबरत होती. ते ऐकू येत नव्हते फक्त राजवाड्यात. राजाचा हेतू त्याच्या समजुतीप्रमाणे चांगला होता. हुकूम सर्वांना सारखा होता. त्याने स्वतःसाठी पेलाभर दूधही मागितले नव्हते. तरीसुद्धा त्या सोमवारी सर्वांत लहान जिवांच्या तोंडचा घास गेला, आणि एवढ्या मोठ्या नगरात राजाला ते सांगणारे एकही माणूस निघाले नाही.

या राजाच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. चमत्काराचे कारण कळेना तेव्हा तो स्वतः पहाऱ्यावर बसला. म्हातारीला पकडले, पण तिला अभय देऊन खरे कारण विचारले, आणि ऐकल्यावर आपला हुकूम बदलला. आधी अभय द्यावे लागले, हे लक्षात घ्या. विचारण्याआधी अभय दिले नसते, तर म्हातारीनेही देवाच्या कृपेचे काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती.

राजोवाद जातकातला राजा याच्याही पुढे गेलेला आहे. आपले दोष कोणी सांगेल का म्हणून तो वेश पालटून राज्यात फिरतो. वाड्यात विचारतो, नगरात विचारतो, वेशीबाहेर विचारतो. सगळे त्याचे गुणच सांगतात. कथेत तो खरोखरच चांगला राजा आहे, म्हणून दोष सापडत नाहीत. आम्ही विद्यार्थी असताना आमच्या मनात शंका आली होती की, वाईट राजालाही वाड्यात हेच उत्तर मिळाले असते. मग दोघांत फरक कसा ओळखावा? आम्हाला सुचलेले उत्तर असे की, चांगला राजा विचारायला बाहेर पडतो आणि वाईट राजा वाड्यातल्या उत्तरावर खूश होऊन झोपी जातो.

आता आम्ही आमच्याच एका गुन्ह्याकडे येतो. हे सांगावे की नाही, यावर घरी दोन दिवस चर्चा झाली. पण विद्यार्थ्यांसमोर राजांचे दोष काढायचे आणि आपला कप्पा बंद ठेवायचा, हे बरोबर नव्हे.

काही वर्षांपूर्वी आम्ही बदलीवर दुसऱ्या तालुक्यात होतो. तेथील एका मंडळाचे हिशेब आम्ही लिहीत असू. बँकेतला माणूस म्हणून ते काम आपोआप आमच्या गळ्यात पडले होते. मंडळाचे प्रमुख वयाने मोठे. सगळे त्यांना दादा म्हणत. दादांनी मंडळाचे पाच रुपये कधी खिशात घातले नाहीत, हे आम्ही शपथेवर सांगू. रात्री-अपरात्री कोणाच्या घरी अडचण असली तर दादा आधी पोहोचत. मात्र दादांसमोर बोलायचे नाही, अशी रीत पडली होती. ती दादांनी पाडली की आम्ही, हे आता सांगता येत नाही.

त्या वर्षी दादांच्या मनात आले की, जिल्ह्यात झाली नाही अशी भीमजयंती करायची. मुंबईहून गायन पार्टी, मोठा मंडप, रथ, रोषणाई. वर्गणी कमी पडली. मंडळाच्या खात्यात वसतिगृहातल्या मुलांच्या मेससाठी जमवलेले अडतीस हजार रुपये होते. दादा म्हणाले, "सध्या हे वापरू, पावसाळ्यापर्यंत भरून काढू." बैठकीला अकरा जण होते. दादांनी विचारले, "कोणाची हरकत?" आणि विचारता विचारताच रजिस्टर मिटायला घेतले. खात्यात दुसरा पैसा नाही, हे त्या खोलीत फक्त आम्हाला माहीत होते. आम्ही पेन उघडले आणि लिहिले, 'ठराव सर्वानुमते मंजूर.'

जयंती खरोखर देखणी झाली. लोक अजून आठवण काढतात. जूनमध्ये मात्र मेस सुरू झाली नाही. जुलैतही पहिले दोन आठवडे गेले. तोवर आवणीचे दिवस आले. दोन मुले भाताच्या आवणीला म्हणून घरी गेली ती परत आलीच नाहीत. त्यांतला एक अकरावीत होता, अक्षर मोत्यासारखे. दादा आता हयात नाहीत आणि त्यांच्यावर ठपका ठेवण्याचा आमचा विचारही नाही. त्या ठरावाखालचे अक्षर आमचे आहे.

खुलभर दुधाच्या कहाणीतला राजा वाईट की लोक वाईट, हा प्रश्न म्हणूनच आम्हाला इतका सोपा वाटत नाही.

दादांची आठवण आम्हाला सर्वांत जास्त 'सामना' पाहताना आली. तरुण मंडळींपैकी अनेकांनी हा चित्रपट पाहिला नसेल. कृष्णधवल आहे म्हणून सोडून देऊ नका. १९७५ सालचा हा चित्रपट. लेखन विजय तेंडुलकरांचे. ज्या जब्बार पटेलांनी पुढे बाबासाहेबांवरचा चित्रपट केला, त्यांचे हे पहिले चित्रपट-दिग्दर्शन. त्याच वर्षी तो बर्लिनच्या महोत्सवात गेला. त्यातला राजा मुकुट घालत नाही. निळू फुल्यांनी साकारलेला हा हिंदुराव धोंडे पाटील सहकारातला सम्राट आहे. पहिल्या पंचवीस मिनिटांत तो कोणालाही आवडेल असाच आहे. त्याने माळरानावर वैभव उभे केले आहे आणि ते तो अभिमानाने दाखवतो.

इथे आपल्या जिल्ह्याचा इतिहास लक्षात ठेवून बोलले पाहिजे. सहकार ही खोटी गोष्ट नव्हती. १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली जो सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याने शेतकऱ्याला सावकाराच्या दारातून उठवले. ते काम मोठे होते. म्हणूनच तेंडुलकरांची नजर आम्हाला विशेष वाटते. त्यांनी काम न करणारा राजा घेतला नाही. ज्याची कामे डोळ्यांत भरतात असा घेतला. आणि मग त्या वैभवात एक दारूडा, थकलेला मास्तर आणून सोडला. डॉ. श्रीराम लागूंनी केलेला हा मास्तर एका माणसाविषयी विचारत राहतो. मारुती कांबळे नावाचा, लष्करातून परतलेला, गावात अन्यायाविरुद्ध उभा राहिलेला माणूस कुठे गेला? आडनाव ऐकल्यावर आपल्यापैकी कोणाला आणखी काही सांगण्याची गरज नाही. हिंदुरावाकडे कारखाना, शाळा, रस्ते, माणसे, पैसा सगळे आहे. त्या एका प्रश्नाचे उत्तर नाही. मास्तरला दारू पाजून, मान देऊन, धाक दाखवून सगळे करून पाहिले जाते. प्रश्न काही गप्प बसत नाही, आणि अखेर त्यानेच साम्राज्य कोसळते.

आम्ही हा चित्रपट तीनदा पाहिला. पहिल्यांदा मास्तरमध्ये स्वतःला पाहिले. तरुण वयात सर्वांना तसेच वाटते. तिसऱ्यांदा पाहिला तो त्या मेसच्या प्रकरणानंतर. तेव्हा हिंदुरावाच्या आजूबाजूला हात बांधून उभी असलेली माणसे दिसली. त्यांच्यापैकी प्रत्येकाला मारुतीचे काय झाले ते थोडेथोडे ठाऊक आहे, आणि ती सारी माणसे रोज जेवतात, झोपतात, कामावर येतात.

याच दिग्दर्शकाचा १९७९ चा 'सिंहासन', अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' व 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरचा. त्यातला मुख्यमंत्री जिवाजीराव हिंदुरावासारखा नाही. तो कोणाचा जीव घेत नाही. पण अख्ख्या चित्रपटात राज्यकारभार म्हणावा असा फारसा दिसतच नाही. दिसते ती खुर्चीची राखण. कोण फुटला, कोणाला गप्प करायचे, कोणाला आत घ्यायचे. शेवटी खुर्ची वाचते आणि हे सगळे जवळून पाहणारा पत्रकार दिगू रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. 'घाशीराम कोतवाल' मधल्या नानाविषयी एवढेच सांगतो की, १९७२ च्या या नाटकाला खुद्द तेंडुलकर ऐतिहासिक नाटक मानत नव्हते, म्हणून त्यातल्या नानाला आम्ही काल्पनिक राज्यकर्त्यांत धरतो. परगावाहून आलेल्या, अपमानित झालेल्या एका माणसाच्या हाती चाबूक द्यायचा, शहर त्याच्याकडून झोडपून घ्यायचे, आणि लोक खवळले की त्यालाच लोकांच्या स्वाधीन करायचे. आपल्या समाजातल्या तरुणांनी हे नाटक जरूर वाचावे. चाबूक हातात आला की राज्य आपले झाले, असे घाशीरामलाही वाटले होते.

परिणामांविषयी बोलायचे तर गंडतिंदु जातक वाचावे. पांचाल राजाच्या राज्यात दिवसा राजाचे लोक लुटतात आणि रात्री चोर. लोक दाराला काट्यांच्या फांद्या लावून दिवस उगवायच्या आत रानात निघून जातात. राजा वेश पालटून फिरतो तेव्हा म्हाताऱ्याच्या पायात काटा मोडतो, तो राजाला शिव्या देतो. गवळ्याला गाय लाथ मारते, तो राजाला शिव्या देतो. शेवटी डबक्यातले बेडूक कावळ्यांच्या चोचीत जाता जाता राजालाच शाप देतात. पहिल्यांदा वाचताना आम्हाला हसू आले. काटा टोचण्यात राजाचा काय दोष? पण त्या म्हाताऱ्याला विचारा. राजाच्या माणसांच्या भीतीने दारात काटे लावायची वेळ आली नसती, तर ते काटे तिथे असतेच कशाला?

पण या सर्वांहून खोल विचार आम्हाला दीघनिकायातल्या चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात दिसतो. त्यातला राजा जवळजवळ सगळी कर्तव्ये पाळतो. रक्षण करतो, जाणत्यांचा सल्लाही घेतो. एकच काम करायचे राहून जाते. ज्यांच्याजवळ धन नाही त्यांना तो धन देत नाही. एवढ्या एका गोष्टीतून गरिबी वाढते. गरिबीतून चोरी येते. पहिल्या चोराला राजा पोट भरण्यासाठी धन देतो; ते ऐकून आणखी लोक चोरी करतात. मग राजा घाबरून चोराचे मुंडके उडवतो. लोक म्हणतात, राजा शस्त्र चालवतो तर आपणही चालवू. मग हत्या येते, हत्येमागून खोटे बोलणे येते, आणि पिढ्यान्पिढ्या माणसांचे आयुष्य व तेज घटत जाते. या राजाला एकाही कथाकाराने खलनायक केलेले नाही, कारण त्याने काहीच वाईट केलेले दिसत नाही. एक रकाना कोरा राहिला, एवढेच. बँकेत काम करणाऱ्याला कोऱ्या रकान्याची भीती वाटते, म्हणून कदाचित हे सुत्त आमच्या जास्त मनाला लागले असेल.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत शेवटचे मोठे भाषण केले, त्यात त्यांनी राजकारणातल्या भक्तीविषयी इशारा दिला. धर्मात भक्ती ही आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणात ती अधःपतनाकडे व शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. कितीही थोर पुरुष असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या चरणी वाहू नये, असेही त्यांनी बजावले. हा इशारा आपण दिल्लीसाठी आहे असे समजून टाळ्या वाजवतो. आमच्या मते तो अकरा माणसांच्या बैठकीलाही लागू होतो. दादांवर आमची भक्ती होती. आम्ही त्यांच्या पाया पडत असू. हिशेब मात्र आम्ही त्यांच्यासमोर कधी नीट मांडला नाही.

आता राजूरकरांच्या जिव्हाळ्याचे एक उदाहरण सांगतो. राजूर म्हटले की बाहेरच्या माणसाला डांगी जनावरांचे प्रदर्शन आठवते. धो धो पावसात चिखलात उभे राहणारे हे जनावर. राजोवाद नावाच्या दुसऱ्या एका जातकात बैलाची उपमा आहे. कळप नदी ओलांडतो तेव्हा पुढचा बैल वाकडा चालला की मागचा सारा कळप वाकडा जातो, सरळ चालला की सरळ जातो. ही उपमा पुढाऱ्यांना सांगायला फार सोयीची आहे आणि व्यासपीठावरून ती आम्ही अनेकदा ऐकली आहे. पण ज्यांनी प्रवरेच्या पुरात गुरे घातली आहेत अशा इथल्या एका वृद्ध गुराख्याला आम्ही एकदा हे सांगितले. तो म्हणाला, "सर, बैल वाकडा चालला तर पाण्यात उतरून त्याच्या शिंगाला धरावं लागतं. काठावरून हाका मारून भागत नाही." जातकात गुराखी नाही. आमच्या मते तिथे ती उपमा थोडी अपुरी राहिली आहे.

पुढील महिन्यात आपल्या संस्थेच्या कार्यकारिणीची निवड आहे. अध्यक्ष कोण व्हावे हे सांगायला आम्ही उभे राहिलेलो नाही. तीन गोष्टींची विनंती मात्र करतो, आणि हे बोलणे इतिवृत्तात लिहून घ्यावे. ठराव वाचून झाल्यावर रजिस्टर मिटण्याआधी अध्यक्षांनी प्रत्येक सभासदाला नाव घेऊन विचारावे. कोणी विरोध केला तर त्याचे नाव व कारण लिहावे. 'सर्वानुमते' हा शब्द तेव्हाच वापरावा जेव्हा तो खरा असेल. आणि विद्यार्थ्यांचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा, ज्यातून काढताना विद्यार्थ्यांच्या एका प्रतिनिधीची सहीही लागेल. मुलांना काय कळते, असे काही जण म्हणतील. मेस बंद आहे की चालू, हे त्यांनाच सर्वांत आधी कळते.

त्या दोन मुलांपैकी एक आम्हाला मागे संगमनेरच्या एस.टी. स्टँडवर भेटला. आता तो टेम्पो चालवतो. ओळख त्याने दिली, आम्हाला पटली नाही. "सर, मी तुमच्या वसतिगृहातला," असे म्हणून त्याने चहा पाजला आणि पैसे देऊ दिले नाहीत. मेस का उघडली नव्हती, हे त्याने विचारले नाही. आमच्या तोंडावर ते आले होते, पण तेवढ्यात गाडी लागली आणि आम्ही चढलो. त्याचा फोन नंबरही घेतला नाही.

या वर्षी कोषाध्यक्षपद आमच्याकडे आहे. आजच्या कार्यक्रमाचा मंडप, ध्वनिक्षेपक, हार, पाहुण्यांचा प्रवास व भोजन यांची सगळी बिले आम्ही बाहेर पाण्याच्या पिंपाशेजारच्या टेबलावर दोऱ्याने बांधून ठेवली आहेत. वह्या-पुस्तकांच्या निधीचे पासबुकही तिथेच आहे. विद्यार्थी मित्रांनो, जेवणाच्या रांगेत जाण्यापूर्वी ती चाळा. हारांचे बिल आम्हाला स्वतःलाच जास्त वाटते आहे. ते इतके कसे झाले, हे आम्हाला विचारा. आम्ही टेबलाजवळच उभे राहणार आहोत.